डॉक्टर अ‍ॅप लिहून देतात तेव्हा : जपानमधला रक्तदाब, मीठ आणि मोबाइल

सप्टेंबर २०२२पासून जपानमधले डॉक्टर उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला एक मोबाइल अ‍ॅप लिहून देऊ शकतात. ‘क्युअरअ‍ॅप एचटी’ हे त्याचं नाव. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली आणि सप्टेंबरमध्ये ते राष्ट्रीय आरोग्य विम्यात आलं. दर महिन्याला ८,३०० येन असा दर ठरला. विम्यात ३० टक्के स्वतः भरणाऱ्या रुग्णाच्या खिशातून तेव्हा त्यातले अडीच हजार येनसुद्धा जात नव्हते. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. अ‍ॅप कुणालाही उतरवून घेता येतं, पण डॉक्टरांनी दिलेला कोड टाकल्याशिवाय ते सुरू होत नाही.

बीपी, वजन, साखर यांच्यासाठी आहार सांगणाऱ्या अ‍ॅप्सचा आज सुकाळ आहे. त्यातली बहुतेक कधी कुठल्या चाचणीला सामोरी गेलेली नसतात. म्हणून हे प्रकरण मला मोलाचं वाटतं. इथे अ‍ॅप वापरणारे आणि न वापरणारे असे दोन गट करून तुलना झाली, तिचे आकडे प्रसिद्ध झाले, सरकारी यंत्रणेने ते तपासले आणि मग किंमत ठरली. एखादं अ‍ॅप खाण्यापिण्याच्या वाटेने बीपी किती उतरवू शकतं, याचं उत्तर इथे अंदाजाने द्यावं लागत नाही.

अ‍ॅप करतं काय

रुग्ण घरच्या यंत्रावर रोज बीपी मोजतो आणि ते अ‍ॅपमध्ये जातं. त्याच्या खाण्याच्या सवयी, वजन, झोप, दारू, चालणं-फिरणं यांबद्दल अ‍ॅप प्रश्न विचारतं. उत्तरांवरून त्याच्या बाबतीत सुधारायला जागा कुठे आहे ते ठरतं. मग छोटे धडे येतात आणि धड्यांना जोडून करून बघायच्या गोष्टी येतात. शेवटच्या टप्प्यात रुग्णाने स्वतःच ध्येय ठरवायचं आणि सवय टिकवायची. मीठ कमी करणं, वजन, व्यायाम, झोप, ताण आणि दारू असे सहा विषय आहेत, पण जपानी ताटाचा विचार केला तर मीठ हाच गाभा. डॉक्टरांच्या बाजूला वेगळा पडदा असतो. रुग्ण तपासणीला येण्याआधी त्याचे बीपीचे आकडे आणि त्याने काय काय करून पाहिलं हे डॉक्टरांना दिसतं.

कॅलरी मोजणाऱ्या नेहमीच्या अ‍ॅपपेक्षा याची घडण निराळी आहे. प्रत्येक घास नोंदवायला सांगणाऱ्या अ‍ॅपचा उत्साह बहुतेकांच्या बाबतीत थोड्या दिवसांत मावळतो. इथे भर सवयीवर आहे: नूडल्सचा रस्सा उरवायचा, सोया सॉस पदार्थावर ओतायच्या ऐवजी वाटीत घेऊन बुडवून खायचा, लोणची कमी करायची. रामेन म्हणजे रस्स्यातल्या नूडल्स; त्याच्या एका वाडग्यात रस्सा सगळा प्यायला तर पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जातं. उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी जपानच्या उच्च रक्तदाब संघटनेने सांगितलेली दिवसभराची मर्यादा सहा ग्रॅम आहे. म्हणजे दिवसभराचं मीठ एका वाडग्यात संपलं. हे एकदा लक्षात आलं की माणसाला प्रत्येक घास नोंदवायची गरज उरत नाही. मीठ नेमकं कुठे दडलंय अशा तीन-चार जागा कळल्या की पुरे.

चाचणीत काय निघालं

या अ‍ॅपची मुख्य चाचणी २०२१मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. जिची मेडिकल युनिव्हर्सिटीचे काझुओमी कारिओ हे तिचे प्रमुख संशोधक. २० ते ६५ वयातले, बीपीची गोळी न घेणारे ३९० रुग्ण तिच्यात होते. १९९ जणांना जीवनशैलीच्या नेहमीच्या सल्ल्यासोबत अ‍ॅप मिळालं, १९१ जणांना फक्त सल्ला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचं चोवीस तासांचं बीपी मोजलं. दिवसरात्र दंडाला पट्टा बांधून ठरावीक वेळाने आपोआप मोजलेलं बीपी सगळ्यात विश्वासाचं मानतात, म्हणून मुख्य निकष तोच होता.

अ‍ॅपच्या गटात वरचं बीपी सरासरी ४.९ने उतरलं, दुसऱ्या गटात २.५ने. फरक २.४चा. घरी सकाळी मोजलेल्या वरच्या बीपीत अ‍ॅपवाल्यांची घट १०.६ होती आणि इतरांची ६.२. तिथे फरक सुमारे ४.३चा.

हे आकडे घाईने वाचू नयेत. जाहिरात करणारा १०.६ हा आकडा उचलेल आणि खोड काढणारा २.४. मला त्या ६.२मध्ये जास्त रस आहे. ज्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप नव्हतं, त्यांचंही सकाळचं बीपी सहाने उतरलं. त्यांच्याकडे घरचं यंत्र होतं, डॉक्टरांचा सल्ला होता आणि आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे ही जाणीव होती. वारंवार मोजताना आकडा थोडा उतरतोच, तोही भाग त्यात असणार. तरीही मोजणं आणि मोजलेलं कुणाला तरी दाखवणं, एवढ्यानेच बराच पल्ला गाठला जातो. अ‍ॅपने त्यावर आणखी भर घातली. ती भर खरी आहे आणि मर्यादितही आहे.

मर्यादित भर बिनमहत्त्वाची असते असं मात्र नाही. औषधांच्या अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१मध्ये छापलेल्या विश्लेषणात वरचं बीपी ५ने उतरलं की हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं होतं. अ‍ॅपने मिळवलेला २.४चा फरक त्याच्या साधारण निम्मा. तो टिकला तर मोलाचा आहे. टिकेल का, हा प्रश्न बारा आठवड्यांची चाचणी सोडवू शकत नाही. आणखी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. आपल्याला अ‍ॅप मिळालंय की नाही हे रुग्णांना माहीत होतं. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देऊन तुलना करतात, तशी इथे करता येत नाही. आणि चाचणीचा खर्च अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचा होता. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण तेवढा हात राखून ते वाचावेत.

मागची साठ वर्षं

अ‍ॅपचं कौतुक करताना एक गोष्ट हमखास सुटते. ते रिकाम्या जमिनीवर उभं राहिलेलं नाही.

१९५१पासून जवळजवळ तीस वर्षं जपानमध्ये मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं. उत्तरेकडच्या अकितासारख्या भागांत त्याचा कहर होता. हिवाळा मोठा, बर्फ खूप, भाज्या मिठात मुरवून ठेवायच्या, जोडीला भात आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट पेस्टचं, सूप. अमेरिकी संशोधक लुईस डाल यांनी १९६०मध्ये वेगवेगळ्या लोकसमूहांचं मीठ आणि रक्तदाब यांचा जो प्रसिद्ध आलेख मांडला, त्यात उत्तर जपान सगळ्यात वरच्या टोकाला आहे: दिवसाला माणशी सुमारे २६ ग्रॅम मीठ.

तिथून जपान खाली आला तो अ‍ॅपमुळे नाही. नागानो प्रांतात १९८०च्या दशकात मीठ कमी करण्याची लोकचळवळ झाली. गावातल्याच बायका स्वयंसेवक म्हणून घरोघर जायच्या, मिसो सूपचा खारटपणा मोजून दाखवायच्या, नूडल्सचा रस्सा अर्धा ठेवा म्हणून सांगायच्या. पुढे नागानोचं नाव देशातल्या सर्वाधिक आयुर्मानाच्या प्रांतांत घेतलं जाऊ लागलं. घरोघरी फ्रिज आले आणि लोणच्यांवरचा भार हलका झाला. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी मीठ १०.१ ग्रॅमवर आलेलं होतं. सहा ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा अजूनही बरंच जास्त, पण २६ कुठे आणि १० कुठे!

घरी बीपी मोजण्याची सवयही जुनी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इवाते प्रांतातल्या ओहासामा या गावात तोहोकु विद्यापीठाच्या युताका इमाई आणि सहकाऱ्यांनी घराघरांत यंत्रं दिली आणि लोकांचं घरचं बीपी वर्षानुवर्षं नोंदवलं. घरी मोजलेलं बीपी १३५/८५च्या वर असेल तर ते वाढलेलं मानायचं, हा जगभर वापरला जाणारा उंबरठा ठरवण्यात ओहासामाचा मोठा वाटा आहे. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ असे दोन आकडे का, असं बरेच रुग्ण विचारतात. त्याच्या उत्तराची एक वाट या छोट्या गावातून जाते.

तिसरी गोष्ट पाकिटावरच्या माहितीची. एप्रिल २०२०पासून जपानमध्ये बंद पाकिटातल्या पदार्थांवर थेट मिठाचे ग्रॅम छापणं सक्तीचं आहे. सोडियमचे मिलिग्रॅम वाचून गुणाकार करत बसावं लागत नाही. अ‍ॅप म्हणतं सहा ग्रॅम, पाकीट म्हणतं २.३ ग्रॅम. दोघं एकाच मापात बोलतात, म्हणून दुकानात उभ्या उभ्या निर्णय होतो.

या तिन्ही गोष्टी आधीपासून जागेवर होत्या. अ‍ॅपने त्या रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये एका धाग्यात ओवल्या, आणि त्याचं यश मला त्यात दिसतं.

फोन म्हणजे बीपीचं यंत्र नव्हे

इथे उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं, कारण त्यात धोका आहे. २०१४-१५च्या सुमाराला अमेरिकेत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं अ‍ॅप खूप खपलं. फोन छातीला टेकवायचा, कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, की आकडा हजर. तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ते तपासून २०१६मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, अशा दर पाचांपैकी जवळपास चौघांना या अ‍ॅपने बीपी वाढलेलं नाही असं सांगितलं. ज्याला आज मीठ कमी करायला हवं, गोळी सुरू करायला हवी, तो माणूस निर्धास्त होऊन घरी बसणार. बीपी दंडावरच्या पट्ट्याच्या, तपासून प्रमाणित केलेल्या यंत्रावरच मोजावं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या उंचीला टेकवून. आधी अर्धा तास चहा नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. फोनचं काम तिथून पुढे सुरू होतं, नोंद ठेवण्याचं आणि आठवण करण्याचं.

आपल्या स्वयंपाकघरात हे कसं बसेल

आपली स्थिती निराळी आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सरासरी मीठ दिवसाला सुमारे ८ ग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या पाहणीच्या २०२३मधल्या अहवालात देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं.

महाराष्ट्रात रक्तदाबाच्या उपचारात मोबाइल आलेला आहे, पण तो रुग्णाच्या हातात नाही. २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे सुरुवातीपासून होते. सरकारी दवाखान्यातली नर्स ‘सिंपल’ नावाच्या अ‍ॅपमध्ये रुग्णाचं बीपी आणि गोळ्या नोंदवू लागली आणि तपासणीला न आलेल्यांची यादी तिला मिळू लागली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. नियमित गोळी मिळणं आणि ती न चुकणं, हा बीपीच्या उपचाराचा कणा आहे. आहाराचा भाग मात्र अजून “मीठ कमी खा” या एका वाक्यावरच राहतो.

मग आपण रुग्णासाठी आहाराचं अ‍ॅप वापरायचं ठरवलं तर? पहिली अडचण मोजण्याची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केले आणि नंतर ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे अ‍ॅपही आणलं. तूरडाळीत काय आहे हे त्यातून नीट कळतं. आपल्या घरच्या आमटीत आज मीठ किती पडलं हे मात्र कुठलंच अ‍ॅप सांगू शकत नाही. जपानमध्ये मीठ बाटलीतून, पाकिटातून, मिसोच्या डब्यातून येतं आणि त्यावर ग्रॅम छापलेले असतात. आपल्याकडे मिठाचा मोठा वाटा घरच्या बरणीतून, हाताच्या अंदाजाने येतो. “एक वाटी आमटी” असं टाकल्यावर अ‍ॅप सोडियमचा जो आकडा दाखवतं तो कुणाच्या तरी आमटीचा असतो. त्यावर विसंबून “आज पाचच्या आत राहिलो” असं समाधान मानू नये.

म्हणून माझं मत असं, की मराठी घरात ताट मोजायच्या भानगडीत न पडता मिठाची पिशवी मोजावी. मिठाची एक किलोची पिशवी फोडली ती तारीख फोनमध्ये टाकायची, संपली तीही टाकायची. चार जणांच्या घरात ती महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास झालं. माणशी पाच ग्रॅमवर यायचं तर तीच पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. लोणचं घातलं, कुरडया-पापड केले, तर ते मीठ वेगळं लिहून ठेवायचं. बाहेरचं खाणं यात येत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून वरच असू शकतो. तरीही हा हिशेब घरच्या वजनकाट्याविना होतो आणि घरातल्या सगळ्यांना पटतो.

पाकिटाचा हिशेब याला जोडायचा. आपल्याकडे पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे आधी बघायचं. फरसाणाच्या पाकिटावर तिथेच फसगत होते. आणि सोडियम फक्त मिठातून येत नाही. पापडखार, ढोकळ्यातला सोडा, अजिनोमोटो, सगळ्यांत ते आहे. सुकट-बोंबील, खारवलेली मिरची, मीठ घातलेलं ताक, शेव, वडापावसोबतची चटणी, या आपल्या दडलेल्या जागा. जपानच्या अ‍ॅपकडून शिकण्यासारखी गोष्ट हीच, की आपल्या तीन-चार जागा ओळखायच्या आणि एका वेळी एकच हाती घ्यायची.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. बीपी एकाला असतं आणि मीठ दुसरी व्यक्ती घालते. फोन नवऱ्याच्या खिशात आणि डाव बायकोच्या हातात असेल, तर अ‍ॅपचे सगळे संदेश चुकीच्या माणसाकडे जातात. या बाबतीत चीनमधला एक प्रयोग आपल्याला जपानपेक्षा जवळचा आहे, कारण तिथेही मीठ मुख्यतः घरच्या कढईतून येतं. तीन प्रांतांतल्या ५४ प्राथमिक शाळांत आठ-नऊ वर्षांच्या मुलांना अ‍ॅपमधून मिठाचे धडे दिले आणि घरच्यांसोबत करायची कामं दिली. वर्षभराने, लघवी तपासून, घरातल्या मोठ्यांचं मीठ दुसऱ्या गटाच्या तुलनेत दिवसाला ०.८२ ग्रॅमने कमी झालेलं दिसलं आणि वरचं बीपी १.६४ने उतरलं. २०२२मध्ये हे ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. मुलांच्या स्वतःच्या मिठात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. घट लहान आहे, पण ती आजारी माणसांत मोजलेली नाही, सगळ्या घरांत मोजलेली आहे. नातवाने “आजी, पापड एकच” म्हटलं की ते ऐकलं जातं, हे आपल्या घरांतही खरं आहे.

आता औषधांबद्दल, कारण इथे चूक महागात पडते. जपानच्या त्या चाचणीतले रुग्ण गोळ्या घेत नव्हते. आपल्याकडे आहाराचं अ‍ॅप शोधणारा माणूस बहुधा आधीच गोळी घेत असतो. फळं, पालेभाज्या, नारळपाणी वाढवा असा सल्ला बीपीच्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये असतो आणि पोटॅशियममुळे बीपी उतरतं हे खरंही आहे. कमी सोडियमच्या मिठाचं बळही त्यातच आहे. चीनमधल्या ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांच्या चाचणीत, नेहमीच्या मिठातला एक चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइडने बदलल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेलंच नव्हतं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी बीपीची औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अ‍ॅपला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारा रक्तातला आकडा, माहीत नसतं. तसं मीठ आणण्याआधी डॉक्टरांना विचारायचं आणि ते सांगतील ती रक्ततपासणी करायची.

मीठ खरंच कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर कधी कधी उठताना चक्कर येते. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलेल्या बीपीची सरासरी आणि मिठाची पिशवी किती दिवस पुरली तो आकडा, एवढं फोनमध्ये घेऊन डॉक्टरांकडे जायचं. डोस कमी करायचा की तोच ठेवायचा, हे त्यांना त्या दोन आकड्यांवरून ठरवता येतं.